घरचा आवाज

दादाने बाबांचा कॉम्प्युटर नीट करून दिला आणि बाबा मुके झाले.

दादाचा हेतू चांगलाच होता. सुट्टीला घरी आला, मशीन रांगतंय म्हणाला, आणि विंडोज पुसून नव्याने घातलं. जाताना आईला सांगून गेला, "आता बघ कसा पळतो!" त्याच डिस्कवर, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडासारखं, लिनक्स ही विंडोजसारखीच दुसरी प्रणालीही नांदत होती हे त्याच्या गावीही नव्हतं. मशीन सुरू झालं की दोन्हींपैकी कुठे जायचं ते विचारणारा मेन्यू मी मांडून ठेवला होता. नव्या विंडोजने तो बाजूला सारला आणि दारावर फक्त आपलं नाव लावलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

लिनक्स पुसलं गेलं नव्हतं. आत सगळं जागच्या जागी होतं, तिथे जायची वाट तेवढी बुजली होती. आणि बाबांचा आवाज तिथे होता.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या घशातली स्वरपेटी काढावी लागली. ऑपरेशनच्या आधी महिनाभर ते मागच्या खोलीत, दाराला रजई टांगून, माइकसमोर वाक्यं वाचत बसायचे. मी ती तोडून-जोडून एक प्रोग्रॅम उभा केला. बाबा टाइप करतात आणि स्पीकरमधून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. गोची एकच झाली. बाबांची सगळी नोकरी बसस्थानकावर घोषणा करण्यात गेली. माइक समोर आला की त्यांच्या तोंडून स्थानकाचाच आवाज निघतो. घरचा आवाज वेगळा होता. खालच्या पट्टीतला, जरासा घोगरा, आणि प्रत्येक वाक्याआधी एक 'हं'. तो कधी माइकसमोर आलाच नाही.

"चहा मागतात तरी वाटतं गाडी सुटतेय," आई म्हणायची.

पण नाही मामापेक्षा काणा मामा बरा. आईची नजर गेली आहे. बाबा पाटीवर लिहितात ते तिला दिसत नाही. स्पीकर बंद म्हणजे त्या दोघांमधलं बोलणंच बंद.

कार्यालयातली मशिन्स सांभाळणं हे माझं काम. तिथून रजा मिळेपर्यंत आठवडा गेला. पेनड्राइव्ह घेऊन पोहोचले तेव्हा बाबा पुढच्या खोलीत मशीनसमोर आरामखुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली. गळ्याला जिथे भोक आहे तिथे पातळ पांढरं फडकं; त्यांचा श्वास आता तिथूनच चालतो. मला पाहून त्यांनी पाटी उचलली.

'आठवडाभर तिच्या खोलीत गेलो नाही. जाऊन काय करू?'

"आज संध्याकाळपर्यंत बोलायला लागाल," मी म्हटलं आणि आईकडे गेले.

तिची खोली घरातल्या बोळाच्या टोकाला. ती पलंगावर बसून हाताने चाचपत कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि चांगली खुशीत होती.

"कंटाळली असशील ना गं, बाबांशी बोलणं नाही म्हणून?"

"नाही कशाने? बोलतात की रोज."

"कसे बोलतात?"

"तोंडाने. तू पण काय विचारतेस!" ती हसली. "दुपारी येऊन बसतात त्या खुर्चीत. आणि हल्ली किती बरं बोलतात. ती गाडी सुटणं बंद झालंय बघ."

मी खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर घड्या घातलेल्या चादरींची चळत होती.

मी आईशी वाद घातला नाही. अंधारात एकटं बसलेल्या माणसाचे कान भरवशाचे राहत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे येऊन बाबांना सहज विचारलं, दुपारी काय करता? त्यांनी लिहिलं, 'झोपतो. इथेच.'

दुपारची जेवणं झाली. आई तिच्या खोलीत गेली, बाबा आरामखुर्चीत कलंडले, आणि मी कामाला बसले.

काम अवघड नसतं, धीराचं असतं. पेनड्राइव्हवरून एक तात्पुरतं लिनक्स सुरू करायचं, त्यातून डिस्कवरचं जुनं लिनक्स उघडायचं, आणि त्याच्या आत उभं राहून मेन्यू पुन्हा बसवायचा. त्याआधी विंडोजची एक खोड मोडावी लागते. बंद केलं तरी ते पुरतं बंद होत नाही. डोळे मिटून पडतं आणि डिस्कचा पदर धरून ठेवतं. ती सोय काढून मी ते खरोखर बंद केलं. स्क्रीन काळा झाला. पंखा थांबला. पेनड्राइव्ह लावायला वाकले, तेवढ्यात बोळातून आवाज आला.

"हं. त्या वर्षी पाणी किती चढलं होतं, आठवतं?"

खालच्या पट्टीतला. घोगरा.

मी आधी स्पीकर पाहिला. त्याचा दिवा विझलेला होता. तरी मी त्याची वायर काढून हातात घेतली. शेजारी रेडिओ लागला असेल म्हणून खिडकीशी गेले. बाहेर रस्ता सामसूम होता.

"हं. तू पायरीवर बसली होतीस. चपला हातात घेऊन."

आई हसली. मी वळून बाबांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं, मान एका बाजूला. गळ्यावरचं फडकं वर आलेलं होतं. आतलं वाक्य संपलं तसं ते खाली बसलं, गळ्याला चिकटलं.

"हं," आवाज आला, आणि फडकं पुन्हा वर आलं.

मी किती तरी वाक्यं तशीच उभी राहिले. आवाज आणि फडकं यांची एकदाही चुकामूक झाली नाही.

मग मी तेच केलं जे मला येतं. वायर जोडली, पेनड्राइव्ह लावला, आज्ञा टाइप केल्या. दोनदा चुकले. शेवटी मशीन पुन्हा सुरू केलं. काळ्या स्क्रीनवर मेन्यू आला, दोन्ही नावं एकाखाली एक. मी लिनक्स निवडलं. सुरू होताना ते एक सूर वाजवतं. त्या सुराने बाबा दचकून जागे झाले.

आतला आवाज वाक्याच्या मध्येच तुटला.

"का थांबलात?" आई म्हणत होती.

बाबांनी ओळखीचा पडदा आलेला पाहिला आणि लहान मुलासारखे हसले. कीबोर्ड ओढून घेतला. स्पीकर खणखणीत बोलला, "ऐकलंस का. मी परत आलो आहे."



"अगं," आईने मला हाक मारली, "ते बंद कर ना जरा. हे काहीतरी सांगत होते."

बाबांची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. माझ्याकडे पाहिलं, मग बोळाकडे. मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. त्यांनी पाटी घेतली.

'काय सांगत होतो मी?'

मी आत गेले. आई त्या चादरींच्या चळतीकडे तोंड करून बसली होती.

"पुराचं सांगत होते, आमच्या लग्नाआधीच्या," ती म्हणाली. "आणि तुला निरोप होता. म्हणे, लेकीला सांग, मला उठवू नको. आता बसलेल्या माणसाला कोण उठवतं? काहीतरीच ह्यांचं."

मी पुढच्या खोलीत आले. तेवढ्यात बाबांनी मशीन बंद केलं होतं. रीतसर, पुरतं. पाटी पुसून टेबलावर ठेवली होती. खुर्चीत मागे रेलून त्यांनी डोळे मिटले होते, चष्मा काढून.

"बाबा," मी म्हटलं. हळूच. त्यांनी डोळे न उघडता हात हलवला, राहू दे अशा अर्थी.

थोड्या वेळाने बोळातून आवाज आला. "हं. कुठे होतो आपण?"

"चपला," आई म्हणाली.

मी त्यांच्या खुर्चीजवळ बसून राहिले. घरचा आवाज दोन वर्षांनी ऐकत होते. ऐकताना रडू येत होतं, आणि खोटं का बोलू, बरंही वाटत होतं. फडकं वर यायचं, खाली बसायचं. खिडकीतलं ऊन सरकत भिंतीवर गेलं. पूर ओसरला, लग्न झालं, दादा झाला. आता माझ्या जन्माचं आलं होतं.

सांगता सांगता आवाज अधिक मोकळा झाला. 'हं' येईनासा झाला. मी बाबांकडे पाहिलं.

फडकं गळ्याला चिकटून होतं. मी वाट पाहिली. ते वर आलं नाही.

आत आवाज बोलतच होता.