करंजखोलचा खांब

मुलांनो, थोडा वेळ डोळे मिटा आणि एक मुंगी कल्पनेत आणा. तांदळाच्या दाण्याएवढी, राखाडी, धातूची. ती भिंतीच्या आत राहते. तिच्यासारख्या लाखो आहेत. भिंतीला तडा गेला की त्या तो भरतात, छप्पर गळू लागले की तिथे नवा थर चढवतात. आता डोळे उघडा. काही वर्षांनी आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर अशा गवंडीमुंग्या घरोघरी असतील असे समजू आणि पुढे जाऊ.

या मुंग्यांना कामे सांगते कोण? प्रत्येक इमारतीचे एक प्रतिरूप असते. प्रतिरूप म्हणजे नुसता नकाशा नव्हे. इमारतीत जे जे आहे, त्या प्रत्येक गोष्टीची माहिती त्यात असते: हा खांब एवढा उंच, या मालाचा, अमुक साली घातला, दोनदा दुरुस्त केला. प्रत्येक वस्तूला एक ओळखक्रमांक असतो. मुंग्या दर दोन मिनिटांनी प्रतिरूप वाचतात आणि इमारत त्याच्याशी जुळवून ठेवतात. प्रतिरूपात आहे ते राहते. प्रतिरूपातून पुसले ते मुंग्या विरघळवतात.

करंजखोल हे गाव समुद्राकाठी होते. समुद्र दरवर्षी थोडा थोडा वर येत राहिला, तेव्हा सगळे गाव वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, हलवायचे ठरले. त्या गावात एक रीत होती. घर बदलताना जुन्या घराची दाराची चौकट उपटून नव्या घराला लावायची. नवी चौकट कितीही चांगली मिळाली तरी जुनीच. शाळेची वेळ आली तेव्हा लोक म्हणाले, "चौकट राहू दे. आम्हाला खांब हवा."

शाळेच्या सभागृहात आठ खांब होते. त्यांतल्या दाराजवळच्या खांबावर दर जूनमध्ये प्रत्येक मुलाची उंची कानशीने कोरून ठेवायची पद्धत होती. आजोबांच्या खुणा होत्या, बापाच्या होत्या, नातवाच्या होत्या. मुंग्यांनी एरवी असे ओरखडे बुजवले असते, म्हणून त्या खांबाच्या माहितीत 'खुणा जपाव्यात' अशी खास सूचना लिहिलेली होती.

वरची शाळा बांधण्याचे काम मृण्मयी चोगले या अभियंतीकडे होते. ती याच गावची. तिची स्वतःची खूणही त्या खांबावर होती.

आणि आता आपण गोष्टीत शिरू.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, मृण्मयी आपली दहा वर्षांची भाची रेवा हिला घेऊन खालच्या रिकाम्या शाळेत आली. त्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी जुनी शाळा विरघळवली जाणार होती. शेवटचे एकदा बघून घ्यावे, एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. पाडणीप्रमुख इरफान सोलकर दारात डब्यातले घावणे खात बसले होते.

"या मॅडम. ही कोण, मदतनीस?"

"भाची. आज शाळा बुडवलीय."

"एक शाळा बुडवून दुसरीत आली म्हणजे," इरफान म्हणाले. "हुशार आहे."

"काका, मी नाही बुडवली. आत्याने बाईंना चिठ्ठी दिलीय," रेवा म्हणाली आणि धावत आत गेली.

दोघे मोठे बोलत राहिले. मग आतून रेवाचा आवाज आला. तो मोठा नव्हता, पण मृण्मयी बोलता बोलता थांबली.

"आत्या, मी इथे केव्हा आले होते?"

रेवा खांबापाशी उभी होती. तिच्या कपाळाच्या रेषेत एक ताजी खूण होती. खुणेशेजारी 'रे', आणि त्या अक्षराला खाली एक लांब वाकडी शेपटी.

"ही या जूनची खूण आहे," रेवा म्हणाली. "वरच्या शाळेत केली. भाटकर बाईंच्या हातातून कानस सटकली म्हणून ही शेपटी. मग ही इथे कशी?"

मृण्मयीने खुणेवरून बोट फिरवले. शेपटी खरी होती. बोटाला धार लागली. ही शाळा एप्रिलपासून कुलपात होती.

इरफान डबा तसाच ठेवून आत आले. त्यांनी खूण पाहिली, मग मृण्मयीकडे पाहिले.

"मॅडम, वरचा खांब तुम्ही प्रतिरूपात कसा नेलात? नक्कल करून, की पुनःस्थापना करून?"

"पुनःस्थापना," मृण्मयी म्हणाली. तिचा चेहरा एकदम उतरला.

"म्हणजे काय?" रेवाने विचारले.

इरफान तिच्यासमोर उकिडवे बसले. "हे बघ. एका इमारतीच्या प्रतिरूपातली वस्तू दुसरीच्या प्रतिरूपात न्यायच्या दोन पद्धती आहेत. नक्कल केली तर वस्तू तशीच दिसते, पण तिला नवा ओळखक्रमांक मिळतो. ती आज जन्मली असं धरतात. तिला जुन्या खुणा नसतात. पुनःस्थापना म्हणजे हरवलेली वस्तू परत आणणं. क्रमांक तोच, आठवणी त्याच. ती नवी वस्तू नसतेच. तीच असते."

"लोकांना तोच खांब हवा होता," मृण्मयी म्हणाली. "नक्कल केली असती तर एकही खूण आली नसती. मला ते बरं वाटेना. आणि एकच खांब कशाला, म्हणून अख्खं सभागृहच तसं नेलं. आठ खांब, तुळया, छप्पर."

"यंत्राने अडवलं नाही?"

"एकाच प्रकल्पात दोन सारखे क्रमांक आले तर अडवतं. हे दोन वेगळे प्रकल्प होते. आणि जुनी शाळा मे महिन्यातच जायची होती ना. ती गेल्यावर वरची उघडणार होती. पण पाडायची परवानगी सहा महिने लांबली, आणि वरची जूनमध्ये उघडली."

"रेवा," इरफान म्हणाले, "समज, दोन शाळांतल्या दोन मुलींना हजेरीपटावर एकच क्रमांक दिला. आता त्या क्रमांकाचे केस कापा, असा हुकूम निघाला. तर कोणाचे कापतील?"

"दोघींचे."

"मुंग्यांना जागा कळत नाही, क्रमांक कळतो. वर खूण कोरली, ती क्रमांकाच्या माहितीत गेली. इथल्या मुंग्यांनी पाहिलं की आपल्या खांबावर ही खूण नाही. त्यांनी ती केली."

रेवाने खांबावरची आपली खूण पुन्हा चाचपली. मग म्हणाली, "आणि दहा वाजून दहा मिनिटांनी हे सगळं पुसणार."

वरचे सभागृहही त्याच क्रमांकांचे होते. वर सड्यावर त्या घटकेला शनिवारची हस्तकला चालू होती. त्रेसष्ट मुले आणि भाटकर बाई. हस्तकला नेहमी सभागृहातच होत असे.

"पण आत माणसं आहेत," रेवा म्हणाली. "मुंग्या माणसं असताना पाडत नाहीत. आम्हाला शिकवलंय."

इरफाननी मान खाली घातली. "माणसं आहेत की नाहीत हे पाडणीप्रमुख बघून लिहितो. मी सकाळी आठला लिहिलं. सभागृह रिकामं आहे. आणि ते त्याच क्रमांकांपुढे लिहिलं."

म्हणजे वरच्या मुंग्यांच्या हिशेबी ती त्रेसष्ट मुले तिथे नव्हतीच.

मृण्मयीने घड्याळ पाहिले. नऊ सत्तेचाळीस. घाटाने वर पोचायला पस्तीस मिनिटे लागत. खालचा फोनचा मनोरा गेल्याच महिन्यात काढून नेला होता. इरफानांकडे एक हातसंच होता, पण तो फक्त नियंत्रण यंत्राशी बोलत असे. त्यांनी तीनदा थांबवायचा हुकूम दिला. तिन्ही वेळा तेच शांत उत्तर आले: आदेश मोहोरबंद आहे, भरतीच्या कारणाने मागे घेता येणार नाही.

"प्रतिरूपात शिरून क्रमांक बदला," इरफान म्हणाले.

"माझी किल्ली सप्टेंबरातच परत घेतली. काम पूर्ण झालं म्हणून." मृण्मयी दाराकडे वळली. "मी गाडी काढते. पोचणार नाही, पण काढते."

"आत्या, थांब," रेवा म्हणाली. "वरची खूण खाली आली. मग खालची वर जाईल ना?"

मृण्मयी दारातून मागे फिरली. मग इरफाननी कमरेची छिन्नी आणि हातोडी काढून खांबाला लावली. "किती खोल कोरू, मॅडम?"

"नखाएवढं. त्याहून कमी असेल तर मुंग्या धूळ समजतील. मी सांगते ते..."

"मी कोरते," रेवा म्हणाली. "माझं अक्षर वर्गात सगळ्यांना माहीत आहे. ते बाईंना वाचायला लागतं, म्हणून."

तिने कोरले: बाहेर पडा.

नऊ चोपन्न. तिघे खांबाकडे बघत उभे राहिले. खांबाच्या आत बारीक कुरकुर झाली. मुंग्यांनी अक्षरे वाचली होती. आता वर, भरल्या सभागृहात, कोणाचाही हात न लागता दगडातून अक्षरे उमटत असतील. ती कोणी पाहील का, की सगळ्यांच्या माना कागदाच्या होड्यांवर असतील?

नऊ अठ्ठावन्न. पुन्हा कुरकुर झाली. रेवाच्या शब्दांखालचा खांब आपोआप खरवडला जाऊ लागला. एक उभी रेघ, एक वळण, एक काना. इरफान दोन पावले मागे सरले. आयुष्यभर त्यांनी इमारती पाडल्या होत्या, पण इमारतीने त्यांना कधी काही विचारले नव्हते.

'कोण' एवढाच शब्द होता.

"भाटकर बाई," रेवा कुजबुजली. "त्यांचा 'ण' असाच असतो."

तिने भराभर कोरले: रेवा. छप्पर पडेल.

दहा वाजून दोन मिनिटांनी उत्तर आले. ते घाईत कोरलेले होते, अक्षरे एकमेकांवर चढली होती: निघालो.

मृण्मयीने तो शब्द पुन्हा वाचला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. इरफाननी खांबाला हात लावला आणि तो तसाच ठेवला.

"चला आता," ते म्हणाले. "आपणही आत आहोत, हे मुंग्यांना माहीत नाही."

तिघे दाराकडे वळले. मागे कुरकुर झाली.

रेवाने वळून पाहिले. खांबावर, तिच्या अक्षरांपासून थोडे दूर, नवी अक्षरे उमटत होती. ती कानशीची नव्हती. बारीक, खोल, कात्रीच्या टोकाने ओढल्यासारखी. बाईंचे अक्षर नव्हते, वर्गातल्या कोणाचेच नव्हते.

आम्हीही? आम्ही दवाखान्यात आहोत.

"वर दवाखाना आहे?" इरफाननी विचारले.

"नाही," रेवा म्हणाली.

मृण्मयी खांबाकडे बघत होती. तिने कात्रीच्या अक्षरांवर बोट टेकले. "पावसाळ्यात बाहेरगावचे लोक शाळा बघायला आले होते. सभागृह फार आवडलं त्यांना. आम्हाला द्या म्हणाले. मी दिलं. प्रतिरूप होतं तसं उचलून दिलं."

"क्रमांकांसकट?"

"क्रमांकांसकट."

"किती जणांना?"

"तिघांना." ती थांबली. "त्यांनी पुढे कोणाला दिलं असेल तर मला माहीत नाही."

कात्रीच्या अक्षरांखाली आणखी एक ओळ उमटू लागली. ही तिसऱ्याच हाताची होती, मोठी आणि थरथरती. तिच्याशेजारी, जवळजवळ त्याच वेळी, चौथी. कोण कुठले होते, कोणत्या गावचे, आत किती माणसे होती, काहीच कळायला मार्ग नव्हता. रेवाचे पहिले दोन शब्द या सगळ्यांच्या खांबांवर उमटले होते आणि ते सगळे आता विचारत होते की हे आपल्यासाठी आहे का.

दहा वाजून सहा मिनिटे. मुंग्या आता आठव्या मिनिटाला वाचणार होत्या, आणि त्यानंतर थेट दहाव्या, पाडणीच्या मिनिटाला.

"विचार त्यांना, कुठले आहात," मृण्मयी म्हणाली.

"विचारलं तर सांगता येणार नाही," रेवा म्हणाली. "एकदाच लिहिता येईल."

"रेवा, बाहेर चल," इरफान म्हणाले. त्यांनी तिचा दंड धरला.

रेवाने दंड सोडवून घेतला, छिन्नी उचलली, आणि जिथे सर्वांना दिसेल अशा उंचीवर, आपल्या डोक्याच्याही वर हात ताणून, एकच शब्द कोरायला घेतला: सगळे.