चौथा दगड

ही घडलेली गोष्ट आहे. गावाचं नाव देत नाही. एटापल्लीपासून बरंच आत, जंगलात, एवढं पुरे. मागचा मार्च महिना. आणि रात्र नव्हती. भर दुपारचे बारा वाजले होते.

करिश्माचे वडील, झिंगू गुरुजी, जाऊन महिना झाला होता. गावच्या माडिया रिवाजाप्रमाणे तिने वेशीबाहेरच्या रांगेत त्यांच्या नावाचा दगड उभा केला. दगड टिकला, तर माणूस पूर्वजांत पोचला. पडला, तर वाटेतच अडला.

दुसऱ्या दुपारी दगड पडलेला होता.

भोवती बुटांचे ठसे... खिळे ठोकलेल्या बुटांचे. येणारे नाहीत, जाणारे नाहीत. फक्त भोवती.

तिने परत उभा केला. परत पडला.

मग बुधरीआत्या तिला पंचायतीसमोर घेऊन गेली. तिथे इंग्रजांच्या काळचा फलक आहे. या गावातून अकरा माणसे पहिल्या महायुद्धात गेली, चार परतली नाहीत, एवढंच त्यावर कोरलंय. नावं नाहीत. ओझी वाहायला नेलेल्यांची नावं कोण कोरणार? गुरुजींनी आयुष्य घातलं ती शोधण्यात. तीन सापडली. चौथं राहिलं.

"चौघं शंभर वर्सं बिनदगडाचे," आत्या म्हणाली. "अन् तू आपल्या बापाले पयले बसवलं. राग नाई येईन काय?"

करिश्माने सापडलेल्या तीन नावांचे दगड आणून उभे केले. बुधू. इतवारी. मासा. आणि चौथा आणला, कोरा.

आत्याने तिचा हात धरला. "बिननावाचा नोको उभारू, पोरी. त्याच्यात कोणाले बी बसवतीन थे बूटवाले."

पण करिश्माने पुष्कळ वाचलं होतं. अनाम सैनिकांची स्मारकं जगभर असतात, हे तिला ठाऊक होतं. तिने तो उभा केला.

बारा वाजले.

पाखरं गप्प झाली. मोहाखाली चरणाऱ्या शेळ्यांच्या घंटाही...

मग बुटांचा आवाज. समोर कोणी नाही.

एक परका आवाज हजेरी घेऊ लागला.

"बुधू."

"हाजिर."

"इतवारी."

"हाजिर."

"मासा."

"हाजिर."

चौथ्याला नाव नव्हतं.

"चार," परका आवाज नुसता आकडा म्हणाला.

कोऱ्या दगडामागे कोणीतरी खोकलं. तो खोकला करिश्माने तीन महिने उशाशी बसून ऐकला होता.

"हाजिर."

ती "बाबा" म्हणत धावली. कोणीतरी छातीला काठी लावून तिला मागे लोटलं. काठी दिसली नाही. वळ मात्र आठ दिवस राहिला.

कोरा दगड उपटायला आठ माणसं लावली. तसूभर हलला नाही. गुरुजींचा दगड आडवाच आहे. तो उभा करायला आता कोणी येत नाही.

करिश्मा नागपूरला जाऊन जुन्या याद्या चाळते. चौथं नाव मिळालं, तर बाबा सुटतील. ते अजून मिळालेलं नाही. गावात असली, की बाराला रांगेपाशी जाऊन उभी राहते.

हजेरी रोज होते. चौथा आवाज रोज येतो.

फक्त दिवसेंदिवस दमलेला... पाठीवर काहीतरी जड घेऊन बोलल्यासारखा.