छान म्हणणारा माणूस

लेंबांगच्या घाटात धुकं उतरलं की गाड्या जिथल्या तिथे थांबतात. त्या दिवशी दुपार पुरती कललीही नव्हती आणि रस्त्यापलीकडचे गाजराचे वाफे एकेक करून दिसेनासे झाले. एक भाजीचा ट्रक रिनरिनच्या टपरीपुढे येऊन थांबला. दार वाजलं, आणि धुक्यातून एक उंच, किडकिडीत तरुण हात चोळत आत आला. त्यानं चहा मागितला. तिनं चहाबरोबर गरम बाला-बाला पुढे ठेवल्या. कोबी-गाजराची ही भजी आमच्याकडे मागावी लागत नाहीत, चहामागोमाग येतातच.

कढईतून नजर वर काढली तेव्हा तिला दिसलं ते असं. हा माणूस भजं मोडत होता, दोन बोटांनी कोबीचा कीस अलगद ओढून बशीच्या काठावर मांडत होता, आणि नुसतं कुरकुरीत पीठ खात होता. गाजराचा एक तंतू निसटला, तर तोही शोधून काढला.

"ट्रकातून काय नेता हो?" तिनं विचारलं.

"कोबी."

"आणखी?"

"गाजरं... थोडी."

"आणि बशीच्या काठावर?"

त्यानं बशीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. "आम्ही नुसता माल वाहतो, नेंग," तो म्हणाला. "खायचं काम गिऱ्हाइकाचं."

नेंग म्हणजे पोरी. असं तर तिला सगळा घाट म्हणायचा. पण याच्या तोंडून ते जरा हळू आलं... का कोण जाणे. तेवढ्यात आतून अंबूचा, म्हणजे तिच्या आईचा, आवाज आला. आम्हा सुंदा लोकांच्या घरात जन्मून ज्याला ताटातला कच्चा पाला चालत नाही, त्याला मुलगी कोण देणार, असं ती भिंतीला सांगत होती. तरुणानं ते ऐकलं, रिनरिनकडे पाहिलं, आणि मग घाईघाईनं चहात पाहिलं. चहा बराच वेळ पुरला. धुकंही बराच वेळ राहिलं.

त्याचं नाव गिलांग. रोज पहाटे डोंगरावरची भाजी बांडुंगच्या बाजारात न्यायची आणि दुपारी रिकामा ट्रक घेऊन परत यायचं, हे त्याचं काम. पोटात मात्र भात, कोंबडी आणि तळलेलं पीठ, एवढंच जायचं. हलवाई मिठाई खात नाही, तसला प्रकार.

आता रिनरिनचं म्हणाल, तर तिच्या डोक्यात त्या दिवसांत एकच गोष्ट घोळत होती. गावच्या शाळेत मधल्या सुट्टीत पोरं पाकिटातल्या नूडल्स कोरड्याच चघळायची. बाई, इबू एंतिन, वैतागल्या होत्या. भाजी घातलेलं काहीतरी कर, पोरांनी आवडीनं खाल्लं तर रोजचा खाऊ तुझ्याकडे, असं त्यांनी रिनरिनला सांगितलं होतं. आणि तसं झालं नाही, तर तिला मावशीबरोबर कारावांगला कारखान्यात जायचं होतं. टपरीवर दोघींचं भागेना. अंबूनं मावशीला शब्दच देऊन ठेवला होता. रिनरिनला कारावांग नको होतं. तिथे डोंगर नाहीत, धुकं नाही, रात्रपाळीचे दिवे मात्र आहेत, असं तिच्या मैत्रिणी सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं, तरी ट्रक थांबला. तेव्हाच तिला सुचलं. या माणसाच्या घशाखाली भाजी उतरली, तर कुठल्याही पोराच्या उतरेल. तिनं त्याला सगळं सांगितलं, फक्त कारावांगचं तेवढं गिळलं. उगाच कशाला परक्याला... आणि विचारलं, रोज थोडं चाखून बघाल का?

"रोज?" तो म्हणाला.

"जड जात असेल तर—"

"नाही, नाही. रोज चालेल."

मग जे दिवस आले ते रिनरिनला पुढे कधी नीट वेगळे करता आले नाहीत. सगळे एकाच धुक्यात भिजलेले. कधी लाल भोपळ्याचे वाफवलेले लाडू, कधी पालकाच्या पातळ कुरकुरीत चकत्या, कधी शेवग्याचा पाला घालून केलेले घावन. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, कढईतून वाफ निघत असायची, आणि गिलांग बाकावर बसून खायचा. डोळे अर्धे मिटायचा आणि म्हणायचा, "छान."

"खरंच?"

"छान आहे, नेंग."

एवढंच. कधी तिच्यासाठी बाजारात न खपणारी वेडीवाकडी गाजरं आणायचा, एकमेकांत पाय गुंतलेली. "ही जोडी वेगळी करवेना," म्हणायचा, आणि ठेवून निघून जायचा. रिनरिन ती गाजरं किसायची नाही. खिडकीत सुकून गेली बिचारी. चढावर ट्रकाचा गिअर बदलल्याचा आवाज आला की हातातलं काम आपोआप मंदावायचं, आणि अंबू म्हणायची, "तेल तापलंय गं, तूही तापू नकोस." रिनरिनला राग यायचा. खरंतर राग येत नसे.

शाळेत खाऊ न्यायचा दिवस मंगळवार ठरला. बेत साधा होता. गाजर, पालक आणि हरभऱ्याचं पीठ मळून वळकट्या करायच्या, आदल्या दिवशी वाफवून ठेवायच्या, सकाळी वड्या कापून तळायच्या. आदला दिवस सोमवार. सोमवार-गुरुवारचे रोजे दोघी मायलेकी नेमानं धरायच्या, त्यामुळे सूर्यास्ताच्या, मगरिबच्या बांगेपर्यंत दोघींच्या जिभेला पाण्याचा थेंब नाही. म्हणजे चव बघणार एकच माणूस.

तो आला तेव्हा ती पीठ मळत होती. मीठ घातलं होतं. त्यानं सहज म्हटलं की गालाला पीठ लागलंय. कुठे, तिनं विचारलं. इथे, असं म्हणून त्यानं स्वतःच्या गालावर दाखवलं. तिनं दुसराच गाल पुसला. तो हसला... ती हसली... आणि हसता हसता तिनं मीठ घातलं. पुन्हा.

वळकटी वाफवून झाल्यावर तिनं चार वड्या तळून त्याच्यापुढे ठेवल्या. पहिल्या घासाला तो क्षणभर थांबला. मग सावकाश चारही खाल्ल्या, वर तांब्याभर पाणी प्यायला. आजची तर सगळ्यांत छान, म्हणाला. रिनरिन त्या रात्री गाढ झोपली. सकाळी तळताना एक तुकडा तोंडात टाकून बघावं, हेही तिला सुचलं नाही. पसंती तर कालच मिळाली होती.

शाळेत पोरांनी उड्या टाकल्या. एक घास गेला, दुसरा नाही. मग सगळी झुंड नळाकडे धावली. इबू एंतिननी एक वडी तोंडात घातली, नेटानं चावली, नेटानं गिळली, आणि डोळे टिपत म्हणाल्या, "रिनरिन, कुणाशी ठरलंय तुझं?"

सगळं अंगण हसलं. आमच्याकडे स्वयंपाकात मीठ जास्त झालं की त्याचा अर्थ एकच. रांधणारीला लग्नाची घाई झाली आहे. दुपारपर्यंत हे घाटाच्या दोन्ही टोकांना पोचलं. भाजी खुडणाऱ्या बायका वाफ्यातूनच विचारू लागल्या, मांडव कधी? इबू एंतिन तशा मायाळू. शुक्रवारी पुन्हा आण, शेवटची संधी, म्हणाल्या. पण अंबूचं तोंड उतरलं होतं. तिनं कपाटावरची बॅग काढून झटकून ठेवली. रविवारी मावशीची गाडी येणार होती.

त्या दुपारी ट्रक थांबला तेव्हा रिनरिननं चहा ठेवला नाही.

"काल चार वड्या खाल्ल्यात ना तुम्ही?"

"खाल्ल्या."

"कशा होत्या?"

गिलांग दाराकडे बघू लागला. बाहेर धुकं पार उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

"अहो कांग गिलांग, मी विचारतेय. कशा होत्या?"

"समुद्र," तो म्हणाला. "नुसता समुद्र."

"आणि पालकाच्या चकत्या?"

"...कडू."

"भोपळ्याचे लाडू?"

"गिळगिळीत. ते मी पाण्याबरोबर... गोळीसारखे."

तिला हसावं की रडावं कळेना, आणि शेवटी रडूच आलं. शाळा हातची गेली तर रविवारी आपण कारावांगला जाणार, हे तिनं त्याला तेव्हा सांगितलं. तुमच्या छान-छानवर मी विसंबले, म्हणाली. तुमच्याच एका शब्दावर डोळे मिटून गावासमोर उभी राहिले. गिलांग खांबाला धरून उभा होता. कारावांग म्हटल्यावर त्याचा चेहरा जो पांढरा पडला, तो तिनं पाहिला आणि तिचा निम्मा राग तिथेच गळून गेला. पण निम्मा होता अजून.

"का खोटं बोललात?"

"मला वाटलं..." तो अडखळला. "छान म्हटलं, तर तू उद्याही बोलावशील. वाईट म्हटलं, तर कशाला बोलावशील? तू समोर बसलेली असायचीस, नेंग. मला चव कळतच नव्हती. कळायची ती तू आत गेल्यावर."

पाऊस लागला होता. रिनरिननं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले.

"वेडे आहात तुम्ही," ती हळूच म्हणाली. "वाईट म्हणाला असतात, तर मी पुन्हा करून बघितलं असतं. पुन्हा बोलावलं असतं. रोज वाईट म्हणाला असतात, तर... जन्मभर बोलवत राहिले असते."

म्हणून झाल्यावर आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. तिनं तोंड फिरवून कढईखालचा जाळ उगाच सारखा केला. गिलांग बाकावर बसला, बाह्या सरसावल्या, आणि म्हणाला, चल, खरं सांगतो.

आणि मग हा अबोल माणूस जो सुटला, की विचारू नका. भाजी शिजवून मऊ केली की त्याला ट्रकाच्या तळाशी कुजलेला कोबी आठवायचा. लहानपणी बापाबरोबर तो ट्रक त्यानंच धुतला होता. पिठात लपवलेली भाजी म्हणजे तर फसवणूकच, ती दाताखाली आली की अंगावर काटा यायचा. मग आवडतं काय, असं तिनं चिडून विचारलं. तो विचार करून म्हणाला, कडकड वाजलेलं आवडतं. वाफ्यातून उपटलेलं गाजर कधीतरी गाडी भरताना पुसून तसंच खाल्लंय, ते वाईट नव्हतं. रिनरिन त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस ती भाजी लपवत होती, आणि पोरांनाही लपवलेलीच भाजी नको असणार.

गुरुवारी तिनं दाण्याची चटणी वाटायला घेतली. गूळ, चिंच, मिरची, लसूण. गाजर, काकडी आणि कोवळा कोबी जाडसर चिरून कच्चाच ठेवला. हे सगळं मोठ्या तळलेल्या पापडावर रचायचं आणि पापडासकट खायचं. त्या दिवशी पुन्हा रोजा. अंबू म्हणाली, आजचा सोड गं, स्वतःच्या जिभेनं बघ एकदा. रिनरिननं मान हलवली.

"ते बघतील," ती म्हणाली.

गिलांगनं चटणीत बोट बुडवून चाखलं. तिच्याकडे पाहिलं. ती समोरच होती, मुद्दाम, गालाला पीठ नसताना. त्याला घाम फुटला. पण तो म्हणाला, "चिंच जास्त झाली."

तिनं गूळ घातला. मिरची पोरांना झोंबेल, असं तो म्हणाला. तिनं आणखी दाणे वाटले. कोबीचे तुकडे मोठे आहेत, पोरांच्या तोंडात मावायचे नाहीत. तिनं पुन्हा चिरले. अंबू आतून सगळं ऐकत होती. इतकी नावं तर नणंदेनंही ठेवली नव्हती, असं पुटपुटली. बांगेच्या जरा आधी त्यानं भरलेला पापड उचलला आणि चावला. कडकन आवाज झाला. तो बराच वेळ चावत राहिला, आणि बशीत काही उरलं नाही.

"आता ठीक आहे," तो म्हणाला. छान म्हणाला नाही.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या अंगणात नुसता कडकडाट झाला. कुणाचा पापड जास्त वाजतो यावर पोरांची पैज लागली, आणि वाजवायचं तर गाजर भरपूर हवं, असा शोध कुणीतरी लावला. पोरं गाजर मागायला परत आली. इबू एंतिन एवढंच म्हणाल्या, सोमवारपासून रोज. मावशीला निरोप गेला. अंबूनं बॅग उचलून पुन्हा कपाटावर टाकली, आणि मग तिथेच, कपाटाला टेकून, थोडी रडली.

संध्याकाळी धुकं आलं ते हलकं, उन्हात मिसळलेलं. अंबूनं गिलांगला पहिल्यांदाच बाकावर न ठेवता आत जेवायला बसवलं. पाहुणा असतो तो छान म्हणतो, म्हणाली, नावं ठेवतो तो घरचा. आणि पाणी आणायचं निमित्त करून ती जी गेली, ती बराच वेळ आली नाही.

ताटात भात होता, मासा होता, आणि कडेला कच्च्या पाल्याचा ढीग. गिलांगनं एक पान उचललं, चावलं, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. लपवलं नाही त्यानं.

"माझ्या घरची माणसं पाठवू का तुमच्याकडे?" त्यानं पानाकडेच बघत विचारलं. "पण आधीच सांगतो, नेंग. हे सगळं मला अजून आवडत नाही. निम्मंही नाही. शिकेन मी. वेळ लागेल पण."

"किती?"

त्यानं ढिगाकडे पाहिलं. एकेक पान नजरेनं मोजल्यासारखं केलं, अगदी खरं सांगायचं म्हणून.

"म्हातारा होईन बहुतेक," तो म्हणाला.

रिनरिननं आणखी एक पान निवडलं, कोवळंसं, आणि त्याच्या ताटात ठेवलं.

"होऊ दे," ती म्हणाली.