त्या नावाचे चौघे

बसा ना, उभ्या का? वीज कधी येईल देव जाणे, तोवर हा कंदील आहे. तुमचा पंखा ठेवा तिथे खाली. ठोंब्या आला की बघेल. कोपऱ्यावर पेपर आणायला गेलाय, येईलच.

तुम्ही समोर राहायला येऊन महिना झाला आणि तेवढ्यात दोनदा विचारलंत, त्याचं खरं नाव काय म्हणून. दोन्ही वेळा मी विषय बदलला. तुम्हाला वाटलं असेल, बाई शिष्ट आहे. आहेच मी शिष्ट, पण कारण ते नव्हतं. आज सांगते. नाव तेवढं विचारू नका.

मी चरित्रकोशाच्या कचेरीत होते. मोठमोठ्या माणसांची थोडक्यात चरित्रं छापायची, हे तिथलं काम. त्यात माझं टेबल एकाच नावाच्या माणसांचं. इतिहासात अशी माणसं ढिगाने सापडतात, आणि मग एकाची कामगिरी दुसऱ्याच्या नावावर खपते. आमच्या जुन्या आवृत्तीत एका ओताऱ्याने तापावर औषध शोधलं होतं आणि एका डॉक्टरने घंटा ओतली होती, बोला! तो गुंता मी सोडवायचा. प्रत्येकाचं वेगळं कार्ड करायचं, जन्माच्या क्रमाने आकडा घालायचा, पुढे कंसात धंदा लिहायचा. माणूस जिवंत असेल तर कार्डाच्या मागे पत्ता. सत्तावीस वर्षं मी हेच केलं. माझ्या टेबलावरून गेलेल्या कार्डात चूक निघत नसे, हे अजूनही छाती ठोकून सांगते.

मुलगा झाला तेव्हा नाव शोधायला मी दुसरीकडे गेलेच नाही. माझ्याच खणातलं उचललं. त्या नावाचे चौघे होते आणि चौघेही आपापल्या कामात वरचढ. म्हटलं, पोराने नाव काढावं तर असं. रजा संपवून कामावर गेले त्या दिवशी हौसेने त्याचं कार्डही केलं. आकडा पाच, धंद्याचा कंस कोरा, मागे घरचा पत्ता. चौघांच्या मागे लावून दिलं. टेबलाभोवती सगळे हसले, मीही हसले. पोराचे वडील फार लवकर गेले, नाहीतर ते म्हणाले असते, हा काय चावटपणा. त्यांना असल्या गोष्टी चालत नसत.

ते कार्ड अकरा वर्षं तिथेच राहिलं. मग नवी आवृत्ती निघाली आणि त्या चौघांची सगळी कागदपत्रं पहिल्यांदाच एका टेबलावर आली. माझ्या टेबलावर.

दुपारची वेळ होती. डबा खाऊन मी ओताऱ्याचे कागद उघडले. हा दुसरा. पहिला नकाशे काढणारा, नदीची खोली मोजताना बुडालेला. या ओताऱ्याने केवढी थोरली घंटा ओतली. ती टांगली त्याच दिवशी त्याच्याकडे कोणी भेटायला आलं, असं त्याच्या बायकोने लिहून ठेवलं होतं. बाहेर कडकडीत ऊन आणि पाहुण्याच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. नाव विचारलं तर त्याने नवऱ्याचंच नाव सांगितलं. दोघे बोलत बाहेर पडले. नवरा दुसऱ्या दिवशी भट्टीत सापडला.

मी ते बाजूला ठेवलं. अशा गोष्टी जुन्या कागदांत असतातच.

तिसरा डॉक्टर. त्याचं तापावरचं पुस्तक छापून आलं, त्या दिवशी त्याच नावाचा एक माणूस दवाखान्यात आला. परिचारिकेच्या रोजनिशीत होतं, की त्याच्या भुवया जळलेल्या होत्या आणि तो गेल्यावरही खोलीत करपल्याचा वास राहिला. डॉक्टर त्याच्याबरोबर गेला. तिसऱ्या दिवशी तापाने मेला. चौथा इंजिनिअर, डोंगरातून बोगदा काढणारा. बोगदा खुला झाला त्या दिवशी त्याला भेटायला आलेल्या माणसाशी त्याच्या मदतनिसाने हात मिळवला होता. मदतनीस लिहितो, हात तव्यासारखा तापलेला होता. नाव साहेबांचंच. आणि संध्याकाळी बोगद्याचं छत बसलं. साहेबाला बाहेर काढलं तेव्हा चुनखडीच्या भुकटीने तो नखशिखांत पांढरा झाला होता.

हे चार कागद चार गावांत, चार कपाटांत पडलेले. एकत्र वाचणारी मी पहिलीच. पहिला सोडला तर प्रत्येकाला त्याच्या आधीचा येऊन घेऊन गेला होता. कधी, तर ज्या दिवशी त्याने काही मोठं करून दाखवलं त्याच दिवशी. मी खण ओढला. त्यात माझ्याच अक्षरातलं पाचवं कार्ड होतं.

तेवढ्यात दाराशी ओल्या चुन्याचा वास आला.

मी वर पाहिलं. समोर एक माणूस उभा होता. अंगावर साधा सदरा, पण केसांत, पापण्यांत, कानाच्या पाळ्यांवर पांढरी पूड. बाकीचे चहाला खाली गेलेले. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

त्याने नाव घेतलं. "या नावाचे किती आहेत तुमच्याकडे?"

"चार," मी म्हटलं.

"पाच," तो हळूच म्हणाला. रागाने नाही. चूक दाखवणाऱ्या गरीब मास्तरासारखा. "पाचव्याचा धंदा काय लिहिलाय?"

"काही नाही… तो लहान आहे हो. शाळेत जातो."

"काहीच केलं नाही अजून?"

"काहीच नाही." मी घाईघाईने म्हटलं. "अगदी साधा मुलगा आहे… ठोंब्या आहे नुसता."

त्याने टेबलाच्या कडेवर बोटं टेकली. दमलेला वाटला, खरंच सांगते. मग म्हणाला, "बरं. केलं की कळेलच." आणि गेला. टेबलाच्या कडेवर जिथे त्याने बोटं टेकली होती तिथे पूड राहिली. मी ती पदराने पुसली, कार्ड फाडलं, तुकडे जाळले आणि संध्याकाळी घरी जाऊन पोराला ठोंब्या म्हणून हाक मारली. तो हसला. त्याला वाटलं, आई लाडात आली आहे.

त्यानंतर दोन घरं बदलली. हे तिसरं. पण पत्त्याने काय होतंय? तो म्हणाला होता, केलं की कळेल. मग मी एकच ठरवलं. पोराने काही करायचंच नाही.

आता माझ्याकडे असं बघू नका, मला माहीत आहे हे काय आहे. त्याचा हात विलक्षण होता. नवव्या वर्षी बंद पडलेलं घड्याळ चालू केलं होतं त्याने. चौदाव्या वर्षी स्पर्धेसाठी निवड झाल्याचं पत्र आलं, ते मी चुलीत घातलं. शाळेच्या बाई शिष्यवृत्तीचं सांगायला घरी आल्या, त्यांना म्हटलं, त्याची छाती अधू आहे, ताण झेपणार नाही. आणि त्याला रोज, अगदी रोज सांगितलं, बाबा रे, तुझ्याच्याने व्हायचं नाही. लोकांची पोरं पुढे गेली की आया मिरवतात. मी माझ्या पोराचे पाय ओढले आणि रात्री त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसले. तो शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात लागला, तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, सुटलो.

मला काय ठाऊक, दुकान बंद झाल्यावर तो मागच्या खोलीत आठ वर्षं काय करत होता!

आज सकाळी उड्या मारत वर आला, एकतिसाव्या वर्षी. हातात पेपर. "आई, बघ, बघ!" पहिल्याच पानावर फोटो. हात गेलेली एक लहान मुलगी यंत्राच्या हाताने पेला धरून पाणी पिते आहे. तो हात माझ्या पोराने केलेला. मशीनच्या जुन्या भागांतून, कोणालाही परवडेल असा. खाली त्याचं नाव. ठोंब्या नाही. ते नाव, आडनावासकट.

त्या मुलीचं तोंड बघून मला रडू आलं. ते आनंदाचं की भीतीचं, मला नाही सांगता येणार. त्याला वाटलं, आनंदाचंच. माझ्या खुर्चीशी बसला आणि म्हणाला, "आई, आज एकदा नावाने हाक मार ना. वीस वर्षांत मारली नाहीस."

मी मारली. त्याच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना.

तो नुसता हसत होता. ओठ मिटलेले होते त्याचे, मी बघत होते. आणि बाहेर जिन्यातून कोणीतरी म्हणालं, "ओ." मग दुसरं, जरा जाड. मग तिसरं. मग चौथं, दमलेलं.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"काय?… अगं, खाली जिन्यात एक रंगारी बसलाय, चुन्याने माखलेला. तो बोलला असेल काही. मघाशी मलाही विचारत होता, आज तुमचंच नाव आलंय ना म्हणून."

मी त्याचं मनगट घट्ट धरलं आणि सगळं सांगून टाकलं. कार्ड, चौघे, तो पांढरा माणूस. पत्र जाळलं ते, बाईंना खोटं सांगितलं ते, सगळं. मला वाटलं, ऐकल्यावर तो घाबरेल आणि घरात थांबेल. तो घाबरला नाही हो. चौघांचं त्याने काही ऐकलंच नसावं. एवढंच म्हणाला,

"म्हणजे मी ठोंब्या नव्हतो?"

त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, हळूच, मला दुखू नये अशी. "दुकानात सगळ्यांना द्यायला अजून पेपर आणतो," म्हणाला. आणि जिना उतरून गेला.

दहा वाजले होते तेव्हा. सकाळचे.

मी मागोमाग धावले, पण या गुडघ्यांनी किती धावणार? पेपरवाला म्हणाला, दहा प्रती घेतल्या आणि एका माणसाशी बोलत बोलत गेला. कोण माणूस? तर म्हणे, "काय योगायोग बघा काकू, त्याचंही नाव तेच." दुकानात गेला नाही. चौकीत गेले, तर तिथे हसले. एकतीस वर्षांचा बाप्या सकाळी बाहेर पडला तर तक्रार कसली लिहायची, म्हणाले. मग घरी येऊन बसले. तुम्ही पंखा घेऊन आलात, बरं वाटलं. येईलच तो, असं मघापासून तुम्हाला सांगते आहे, ते खरं तर मला स्वतःलाच.

दिवसभर एकच गोष्ट मनात येते आहे आणि करायचं धाडस होत नाही. एकटीने तर नाहीच. आता तुम्ही आहात. जरा माझा हात धरा. दार असू द्या उघडं. मी जिन्यात त्याच्या नावाने हाक मारते. फक्त एकदा. तुम्ही काही बोलू नका… नीट कान देऊन ऐका.

…

ऐकलंत?

पहिले चार ‘ओ’ सकाळचेच. ते मी ओळखले. पण मग थोडं थांबून अजून एक आला ना? जरा उशिरा, ओढून दिलेला… कामात डोकं घातलेलं असताना जेवायला बोलावलं की द्यायचा, तसा?

नाही, कंदील नका नेऊ तिकडे. जिन्यात कोणी नसणारच. मला एवढंच सांगा, मी आई आहे, माझ्या कानांचा भरवसा नाही. तुम्ही मोजलेत का? तुम्हाला किती ऐकू आले?