टाळ्यांमधली हाक

ताई दातांच्या कवळ्या बनवायची. टेबलावर मेण, प्लॅस्टर, कानशी, आणि कोपऱ्यात तिच्या लाडक्या बँडची एक जुनी कॅसेट. भरल्या सभागृहात, प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड केलेली. त्यामुळे गाण्यांबरोबर प्रेक्षकही तिला तोंडपाठ होते. दुसऱ्या गाण्याआधी कुणीतरी कोरडं खोकतं. मग काचेची बाटली पायऱ्यांवरून घरंगळत जाते. ड्रमवाल्याचं एकट्याचं वादन संपलं की टाळ्यांच्या कडकडाटात एक बाई जिवाच्या आकांताने ओरडते, "ढब्ब्या! ए ढब्ब्या!" उत्तर येत नाही. गिटार सुरू होते.

धाकटा भाऊ जन्मला तो चांगला गरगरीत. कॅसेटवेड्या ताईने, तेव्हा ती शाळेत होती, तेच नाव त्याला बहाल केलं. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं. आता तो ताडमाड वाढला होता, तरी तिचा ढब्ब्याच. आणि ती त्याची तायडे. जगाची ताई, त्याची मात्र तायडे. जेवताना तिने खोकायचं आणि त्याने जिभेने बाटली वाजवायची, हा त्यांचा जुना खेळ.

बँडचा निरोपाचा कार्यक्रम परगावी, त्याच सभागृहात होणार होता. ढब्ब्याने तिला न विचारताच तिकिटं काढली.

"आणि माझ्या कवळ्या?"

"लोक दोन दिवस चावणार नाहीत, तायडे. कुणी मरत नाही त्याने."

बसमध्ये तिचा पाय एका जागी ठरेना. तिकिटं पर्समध्ये आहेत ना, हे तिने इतक्यांदा पाहिलं की शेवटी ढब्ब्याने पर्सच काढून घेतली. सभागृह बाहेरून एखाद्या गोदामासारखं होतं. आत ओलसर गालिच्याचा वास, खुर्च्यांची फाटकी मखमल. त्यांच्या जागा पायऱ्यांलगत होत्या. भर दुपारची वेळ, पण दारं लागली तसा आत मिट्ट काळोख झाला.

पहिल्या गाण्याला ताई रडली. मनसोक्त, लाज न बाळगता.

मग मागे कुणीतरी कोरडं खोकलं.

"तुझा खोकला चोरला की त्याने!" ढब्ब्या कुजबुजला. तीही हसली. खोकला काय, कुणालाही येतो.

पुढे थोड्या वेळाने शेजारच्या पायऱ्यांवरून काचेची बाटली घरंगळत गेली. प्रत्येक पायरीवरचा टणत्कार तिच्या ओळखीचा होता. ढब्ब्याला तर हसू आवरेना.

"आता ती बाई!" तो म्हणाला आणि उठला. "पाणी आणतो."

"आत्ता नको." तिने त्याची बाही धरली.

"घसा सुकलाय गं. हा आलोच."

बाही सुटली. तो पायऱ्या चढून अंधारात दिसेनासा झाला.

ड्रम सुरू झाला. ती मान वळवून दाराकडे बघत राहिली. दार उघडत नव्हतं. ड्रम वाढत गेला, तिच्या छातीत वाजू लागला, आणि एकदम थांबला.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती उभी राहिली. हाक आपसूक गळ्यापर्यंत आली, आणि ती बाई कोण हे तिला कळलं.

त्या हाकेला उत्तर येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग हाक मारायचीच नाही. तिने दोन्ही तळवे तोंडावर गच्च दाबले. ओठ दातांखाली आले, रक्ताची चव लागली. तरी तिने हात काढले नाहीत.

टाळ्या ओसरल्या. गिटार सुरू झाली.

"ताई, पाणी."

तो शेजारी बसला होता. तिने त्याला घट्ट मिठी मारली आणि ढसाढसा रडली. तो तिच्या पाठीवर हळूहळू थोपटत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. ताईने इयरफोन लावले. कॅसेट झिजायला लागली तेव्हा ढब्ब्यानेच ती फोनवर उतरवून दिली होती. खोकला आला. बाटली गेली. ड्रम थांबला. टाळ्या.

बाई ओरडली नाही. ताईच्या जिवात जीव आला.

मग टाळ्यांच्या पार मागून, माइकपासून खूप लांबून, कुणीतरी पुरुष घाबऱ्याघुबऱ्या ओरडला.

"तायडे! ए तायडे!"

गिटार सुरू झाली.

तिने इयरफोन ओढून काढले.

"ढब्ब्या."

तो बाहेर बघत होता.

"ढब्ब्या!"

पुढच्या सीटवरच्या माणसांनी वळून पाहिलं. तेव्हा त्यानेही मान वळवली. आधी त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कुणाला हाक मारतेस, ताई?" त्याने काळजीने विचारलं.