घरात सांभाळणारे माणूस : आहे

हे खरोखर घडलेलं आहे. यात मी पदरचा एकही शब्द घातलेला नाही. उलट, सांगताना मावशी जिथे जिथे गप्प झाली, तिथे मीही गप्पच राहिलो आहे.

आणि ती रात्र नव्हती. मंगळवार होता. दुपारचे चार वाजले होते. जिन्यात लख्ख ऊन होतं.

मावशी तेव्हा वृद्धाश्रमांच्या कार्यालयात पाहणीचं काम करायची. जागेसाठी अर्ज आला की त्या माणसाच्या घरी जायचं, त्याला उठता-बसता येतं का ते बघायचं आणि फॉर्म भरायचा. अर्ज दोनशे, जागा एक. तिच्या पेनाच्या एका खुणेवर कुणाचं तरी उरलेलं आयुष्य ठरायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एक म्हातारा शिंपी राहत होता. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. दार नुसतं लोटलेलं. खिडकीतलं ऊन त्याच्या दोन्ही पायांवर पडलं होतं. त्यातल्या एकाच पायाला ते कळत असावं.

"काका, आज वार कोणता?" फॉर्ममधला पहिला प्रश्न.

"तुम्ही आलात म्हणजे रविवार नक्की नाही."

मावशी हसली. तिने त्यांना उठायला सांगितलं. उठता येईना. पाण्याचा पेला उचलायला सांगितला. पेला कलंडला.

शर्टाची बटणं मात्र गळ्यापर्यंत लावलेली होती. दाढी गुळगुळीत. नखं कापलेली.

"हे सगळं कोण करतं?"

"आमची ही." काकांनी मानेनेच स्वयंपाकघराकडे खूण केली. "दुसरं कोण आहे मला?"

तेवढ्यात आत... भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

मग घासत चालणाऱ्या सपाता.

मग एक बारीक, दमलेला आवाज... "साखर चालते ना?"

"अर्धाच चमचा, काकू!" मावशी बसल्या जागेवरून म्हणाली.

काका पुढे वाकले. हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, माझी कुठेतरी सोय लावा हो. माझ्यासाठी नाही मागत. ती फार थकलीय. मी इथून हललो, तरच ती सुटेल."

म्हातारी नवराबायको एकमेकांबद्दल असंच बोलतात. मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

फॉर्ममध्ये शेवटचा रकाना उरला होता... 'घरात सांभाळणारे माणूस'. नियम असा की त्या माणसाला समोर बोलवायचं, दोन शब्द बोलायचे, सही घ्यायची. पण अजून तीन घरं बाकी होती. आणि आवाज तर तिने स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

तिने 'आहे' या शब्दावर खूण केली. सहीच्या जागी 'कामात' असं लिहिलं.

"चहा पुढच्या वेळी हं, काकू!" असं म्हणून ती निघाली.

आतून उत्तर आलं नाही...

यादी लागली. काकांचं नाव नव्हतं. ज्यांना घरात कोणीच नाही, त्यांचा हक्क आधी.

दोन दिवसांनी त्यांची शेजारीण कार्यालयात येऊन उभी राहिली. रागाने लाल झालेली.

"घरात माणूस आहे, असं लिहिलंत? कुठलं माणूस दिसलं हो तुम्हाला? त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली! दोन वेळचा डबा मी देते."

मावशी खुर्चीतून उठली. "मग त्यांची दाढी? ते कपडे?"

शेजारणीने नजर खाली वळवली.

"ते कोण करतं... मी विचारत नाही."

मावशी धावत साहेबांकडे गेली. साहेबांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

"बाई, तुम्हीच 'आहे' म्हणायचं, तुम्हीच 'नाही' म्हणायचं. ही सही कोणाची?"

"माझी."

"मग झालं तर. ती जागा गेली. पुढची कधी होईल, ते मला विचारू नका. तिथून कोणी बरं होऊन घरी जातं का?"

त्याच दुपारी ती पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेली. या वेळी आधी स्वयंपाकघरात.

ओट्यावर बोटभर धूळ. शेगडी काढून नेलेली. फळ्या रिकाम्या.

आणि जमिनीवरच्या धुळीत... एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

ती बाहेरच्या खोलीत आली. काकांच्या अंगात दुसरा, धुतलेला शर्ट होता.

"मिळाली जागा?"

मावशीने नकारार्थी मान हलवली.

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग तोंड स्वयंपाकघराकडे वळवून, चूक आपलीच असावी तसे म्हणाले, "अगं... नाही झालं."

आत शांतता.

आणि मग... कोणीतरी गुडघ्यावर हात टेकून उठलं. कष्टाने, एक एक हाड सावरत. सपाता घासत पुन्हा कामाला लागल्या.

मावशी तिथून बाहेर कशी पडली, ते ती सांगत नाही.

शिंपीकाका त्यानंतर अकरा महिने जगले. मावशी दर सोमवारी साहेबांच्या टेबलापाशी उभी राहायची. जागा झाली नाही. ते त्याच खुर्चीत गेले.

"ते गेल्यावर तरी काकू सुटल्या असतील ना?" मी तिला एकदा विचारलं.

"त्यांना खाली नेलं, तेव्हा मी तिथेच होते," ती म्हणाली. "सगळी माणसं उतरली. मी एकटीच मागे राहिले. आणि आत... कोणीतरी कपडे घासत होतं. चौकडीचा शर्ट वाळायला हवा संध्याकाळपर्यंत, असं काहीतरी पुटपुटत होतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं रे."

"मग तू सांगायचंस."

"मी?" मावशी म्हणाली. "कोणत्या तोंडाने?"