उरलेले टाके

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या नाहीत. "मूल शिंकलं तरी तुमच्या छातीत धडधडतं," त्या म्हणाल्या. "एखादा छंद लावून घ्या. आणि टिकवा."

घरी सांगितलं तर नवरा हसला. "हिचे छंद म्हणजे सव्वा महिन्याचे पाहुणे!" आणि माझ्यासमोरच सासूबाईंना बोटांवर मोजून दाखवायला लागला: गिटार, रंगकाम, फ्रेंच, खिडकीतल्या कुंड्या.

प्रत्येक छंद नेमका कुठे तुटला, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही. सातव्या महिन्यात गिटार पोटावर मावेना. निळ्या रंगाची अख्खी ट्यूब आमच्या लेकीने, भिंगरीने, खाल्ली. फ्रेंचच्या वर्गाच्या वेळेलाच याची कारखान्यातली पाळी बदलली. कुंड्यांवर चढून भिंगरीने खिडकीबाहेर डोकं काढलं, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. यात माझी चिकाटी कुठे कमी पडली? पण मी नेहमीसारखं अर्धं वाक्य गिळलं आणि भरतकामाच्या वर्गाला नाव घातलं.

वर्ग शनिवारी दुपारी, एका शिंप्याच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर भरायचा. खाली मशिनं चालायची आणि वर पायाखालची फळी थरथरायची. मी डावखुरी, म्हणून बाईंनी मला समोर बसवलं. "आरशात बघताय असं समजा आणि करा." उशीचा अभ्रा होता, त्यावर अकरा पानांची वेल. पानांच्या कडेने तिरका टाका, एकाला एक चिकटून, दोरीच्या पिळासारखा. बाकीच्या बायकांचा पीळ एका बाजूला झुकायचा, माझा बरोब्बर उलट. मागच्या बाजूला माझ्या गाठींचं नुसतं जंगल. तरी मला ते आवडायला लागलं. सुई कापडातून आरपार जाताना जो बारीक 'टक्' आवाज होतो, तेवढ्यापुरती माझी धडधड थांबायची.

चौथं पान अर्ध्यावर होतं तेव्हा भिंगरीला ताप आला. सुई तशीच खोचून मी उठले ती पाच दिवसांनी परत बसले.

पान पूर्ण झालेलं होतं.

वरचं अर्धं माझं. खालच्या अर्ध्याचा पीळ उलट्या बाजूला झुकलेला. मी कापड पालथं केलं. त्या अर्ध्यामागे एकही गाठ नव्हती. मागची बाजूसुद्धा पुढच्याइतकीच स्वच्छ.

"आई, तुम्ही हात लावला होता का याला?"

"मी?" सासूबाईंनी मोतीबिंदूवरचा काळा चष्मा वर केला. "मला सुई दिसत नाही, तिचं भोक कुठलं दिसायला! पण छान जमलंय हं. या वेळी मनावर घेतलेलं दिसतंय."

संख्याशास्त्र घेऊन पदवी घेतली आहे मी. घाबरण्याआधी पडताळून बघायची सवय आहे. पाचवं पान अर्धं भरलं, मोबाइलवर फोटो काढला, अभ्रा ताणून धरणारी रिंग तशीच कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन भिंगरीला शाळेतून आणायला गेले. चाळीस मिनिटांनी कुलूप तसंच होतं. पान पूर्ण होतं. सहावं पान मी स्वतः पूर्ण करून ठेवलं, त्याला कुणी हात लावला नाही. सातवं मुद्दाम एक टाका कमी ठेवून उठले. परतले तेव्हा तो एक टाका घातलेला होता.

वर्गात बाईंनी अभ्रा हातात घेतला, पालथा केला, परत सुलटा केला.

"दुसरं कोण भरतं?"

"कुणी नाही."

त्यांनी तो दोन बोटांत धरून मला परत दिला. "मग घरी अर्धं ठेवून उठत जाऊ नका."

एवढंच. पुढे मी काही विचारायच्या आत त्या दुसरीचा दोरा सोडवायला वळल्या.

घरी मात्र कौतुकाला पूर आला. नवऱ्याने अभ्र्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. "बघा, सव्वा महिना उलटला तरी टिकलीय बाई!"

"अरे, यातलं अर्धं मी केलेलंच नाही."

"कौतुक केलं तरी चिडायचं! अवघड आहे बाबा तुझं."

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. चार वर्षांत माझ्या हातच्या एका गोष्टीला हा माणूस चांगलं म्हणाला नव्हता. आणि आता म्हणाला, तर नेमका त्या दुसऱ्या हाताला.

मग ते अभ्र्यापुरतं राहिलं नाही. अर्धी घडी घातलेली चादर. अर्धं पुसलेलं फडताळ. भिंगरीच्या फ्रॉकचं अर्धं शिवलेलं बटण. मी दार उघडायला गेले, फोन घ्यायला गेले, की मागे ते काम होऊन गेलेलं. नीटनेटकं, माझ्यापेक्षा सरस.

एका दुपारी भिंगरी जेवता जेवता म्हणाली, "आणि मग कासव विहिरीतून वर आलंच नाही."

"कुठलं कासव?"

"तुझ्या गोष्टीतलं. तू मध्येच उठून गेलीस ना, मग उरलेली तिने सांगितली."

"तिने म्हणजे कुणी?"

भिंगरीने घास गालात धरून माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम वेड पांघरतेय असं तिला वाटलं असावं. "अगं, तूच ना ती."

त्या गोष्टीला शेवट नव्हताच. मी सुचेल तशी सांगत होते. कासव वर येणार होतं.

त्या दिवसापासून मी पान पुरं केल्याशिवाय उठेनाशी झाले. दूध उतू जाऊ दे, बेल वाजू दे. सगळ्यांना हवा होता तसा छंद टिकला माझा, दात आवळून टिकला. पण सुई चालवताना एकच विचार डोक्यात फिरायचा. चादरी, बटणं, पानं पुरी करता येतील. माझा राग? तो मी आजवर एकदाही पुरा केलेला नाही. आदळायला उचललेलं भांडं हळूच खाली ठेवते. तोंडाशी आलेलं गिळते. म्हणून तर हे घर धड उभं आहे. असे किती अर्धे राग या खोल्यांत पडून असतील, आणि कुणी ते मोजत असेल का?

बुधवारी सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या. मी अकरावं पान भरत होते. भिंगरीने कात्री घेतली आणि वेलीच्या मधोमध चालवली. मुद्दाम नाही, लहान आहे ती. पण माझा हात वर गेला.

वरच थांबला.

मी तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणला, मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं. वीस मोजले.

बाहेर आले तर भिंगरी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. गालावर चार बोटं उमटली होती.

मी तिला उचलून पोटाशी धरलं. ती आक्रसून गेली. माझ्या हाताकडे बघत राहिली.

मी नवऱ्याला फोन लावला. त्याचा कारखाना दोन बस बदलून जायच्या अंतरावर आहे.

"तिला मारलंय. मी नाही मारलं. माझं पूर्ण ऐकून घे..."

"म्हणजे मारलंस," तो म्हणाला. मागे मशिनांचा आवाज होता. "रागाच्या भरात पोरीला मारायचं आणि वर नाटकं. डॉक्टरीणबाईंकडे परत जा. भरतकामानेसुद्धा तुझं डोकं ताळ्यावर येत नाही ना..." आणि तो हसला. तेच हसू, बोटं मोजतानाचं.

"तुला ना एक दिवस मी..."

मी जीभ चावली.

वाक्य अर्धंच राहिलं होतं. मशिनांचा आवाज तेवढा चालू होता.

"पाहुणचार करणार आहे!" मी ओरडले. "तुला एक दिवस मी बसवून पाहुणचार करणार आहे! ऐकलंस ना? झालं माझं वाक्य! पूर्ण झालं!"

भिंगरीने कान झाकून घेतले.

फोनमध्ये त्याचा आवाज आला, पण लांबून. फोन टेबलावर ठेवला असावा.

"अगं, तू?" तो म्हणत होता. "इतक्यात इथे कशी पोचलीस? आणि भिंगरीला कुणाजवळ ठेवलंस?"

मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. तो कुणालातरी बसायला देत होता.